नोटेवरचे साल आणि नोटेचे वय

समजा, आपल्यासमोर एक जुनी अमेरिकी नोट आहे. दहा डॉलरची. आजच्या डॉलरपेक्षा बरीच मोठी, सुमारे १९ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद. दर्शनी बाजूला डावीकडे पतंगाचा प्रयोग करणारा बेंजामिन फ्रँकलिन आहे. मध्ये ठळक अक्षरांत बँकेचे नाव आहे, 'फर्स्ट नॅशनल बँक ऑफ हवाई', आणि गाव होनोलुलू. एका कोपऱ्यात 'मालिका १८८२' असे छापले आहे. ही नोट कोणत्या साली छापली असेल, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले १८८२ असे सांगतील. नोटेवरच लिहिले आहे, मग आणखी विचार कशाला करायचा?

पण १८८२ साली हवाई हे एक स्वतंत्र राज्य होते आणि तिथे कालाकौआ नावाचा राजा राज्य करत होता. त्याच्यामागून गादीवर आलेल्या राणी लिलिउओकलानी हिला १८९३ साली पदच्युत केले गेले. १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या देशाला जोडून घेतली आणि १९०० साली हवाई अमेरिकेचा रीतसर प्रदेश झाला. मग १८८२ साली होनोलुलूत अमेरिकेची नॅशनल बँक कुठून आली? नोट खोटी म्हणावी, तर कागद, छपाई, सह्या सगळे अस्सल दिसते.

नोट अस्सलच आहे. तिच्यावरचे सालही खरे आहे. फक्त ते साल छपाईचे नाही. अमेरिकेतील जुन्या नॅशनल बँक नोटा जमवणाऱ्यांना अशी कोडी रोजच सोडवावी लागतात. ती कशी सोडवतात हे पाहण्याआधी या नोटा मुळात निघाल्या कशा, ते समजून घेऊ.

नोट कोणाची?

आपल्याकडे नोट म्हटली की रिझर्व्ह बँक डोळ्यांपुढे येते. (एक रुपयाची नोट तेवढी भारत सरकारची. म्हणून तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे, तर वित्त सचिवांची सही असते.) पण आपल्याकडेही नेहमीच असे नव्हते. १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढत असे. त्यांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र असे. १८६१ च्या कायद्याने हा अधिकार बँकांकडून काढून घेतला आणि नोटा काढणे हे फक्त सरकारचे काम झाले.

याच सुमारास अमेरिका नेमकी वेगळ्या वाटेने गेली. तिथे यादवी युद्ध पेटले होते (१८६१ ते १८६५). त्याआधी तिथे वेगवेगळ्या राज्यांच्या परवानगीने चालणाऱ्या सुमारे सोळाशे बँका होत्या आणि प्रत्येक बँक आपल्या मर्जीच्या नोटा छापून घेत असे. खऱ्या नोटांचेच काही हजार प्रकार होते. शिवाय खोट्या, बुडालेल्या बँकांच्या आणि अस्तित्वातच नसलेल्या बँकांच्या नोटा होत्या त्या वेगळ्याच. कोणत्या नोटा खोट्या आणि कोणत्या बँकेची पत किती, हे सांगणारी नियतकालिके निघत असत आणि दुकानदार ती गल्ल्याजवळ ठेवत. दूरच्या गावची नोट असेल तर वटाव कापूनच घेतली जाई. दहाच्या नोटेला दहा डॉलर मिळतील याची खात्री नाही, अशी अवस्था होती.

त्यात सरकारला युद्धासाठी पैसा हवा होता. या दोन्ही अडचणींवर मिळून एकच तोडगा काढला गेला. २५ फेब्रुवारी १८६३ चा कायदा आणि १८६४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती यांनी 'नॅशनल बँक' नावाचा नवा प्रकार निर्माण केला. केंद्र सरकारकडून सनद घेतलेल्या अशा बँकेने सरकारी कर्जरोखे विकत घ्यायचे, ते वॉशिंग्टनला सरकारकडे तारण ठेवायचे आणि त्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळवायच्या. (१९०० पासून ही मर्यादा पूर्ण १०० टक्के झाली.) सरकारला कर्ज मिळाले. बँकेला रोख्यांवरचे व्याज मिळाले आणि शिवाय व्यवहारात वापरायला नोटा मिळाल्या. लोकांना काय मिळाले? बँक बुडाली तरी नोटेचे पैसे सरकार देणार, अशी हमी मिळाली. राज्यांच्या बँकांच्या नोटांवर १८६६ पासून १० टक्के कर बसला आणि त्या बाजारातून नाहीशा झाल्या.

ही हमी नुसती कागदावर राहिली नाही. १९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या. त्यांत ठेव ठेवणाऱ्या कित्येकांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा काही भाग, कधी बराच मोठा भाग, गेला. ठेवींचा विमा १९३४ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांना कोणी वाली नव्हता. पण त्याच बुडालेल्या बँकेचे नाव छापलेली नोट ज्याच्या खिशात होती, त्याचे एका सेंटचेही नुकसान झाले नाही. नाव एकाच बँकेचे, तरी खात्यातले पैसे बुडाले आणि खिशातली नोट तरली. पैसा म्हणजे नेमके काय, हे वरच्या वर्गांना समजावताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

सनदेचा क्रमांक

१८६३ ते १९३५ या काळात बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. नोटेचा आराखडा सगळ्यांना सारखाच असे. वेगळे असायचे ते बँकेचे नाव, गाव, तारीख आणि बँकेच्या कॅशियरच्या व अध्यक्षांच्या सह्या. पण नावावरून बँक ओळखणे अवघड होते, कारण 'फर्स्ट नॅशनल बँक' हे नाव गावोगावी होते. आपल्याकडे गावोगावी मारुतीचे देऊळ असते, तसे. एकाच गावात त्याच नावाची एक बँक बुडून काही वर्षांनी दुसरी निघाली, असेही झाले.

घोळ संपवला तो सनद क्रमांकाने. सनद मिळालेल्या क्रमाने प्रत्येक बँकेला एक क्रमांक दिलेला होता. फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा क्रमांक १. होनोलुलूच्या बँकेचा ५५५०. नोटा बंद होईपर्यंत हे आकडे चौदा हजारांच्या पुढे गेले होते. सुरुवातीच्या नोटांवर हा क्रमांक छापत नसत. फाटक्या-मळक्या नोटा बदलून घेण्यासाठी वॉशिंग्टनला ढिगांनी येऊ लागल्या आणि बँकेगणिक त्यांची वर्गवारी करताना कारकून मेटाकुटीला आले, तेव्हा १८७४ च्या कायद्याने नोटेवर क्रमांक छापणे सुरू झाले. पुढे १९०२ ते १९२४ या काळात क्रमांकाबरोबर विभागाचे अक्षरही छापत असत. न्यू इंग्लंडसाठी 'एन', दक्षिणेसाठी 'एस', पॅसिफिक किनाऱ्यासाठी 'पी', असे. तेही वर्गवारी सोपी व्हावी म्हणूनच. आज संग्राहकाला जो आकडा सर्वांत मोलाचा वाटतो, तो मुळात कारकुनाच्या सोयीसाठी आला.

नाव बदलले तरी क्रमांक बदलत नसे. होनोलुलूच्या याच बँकेच्या १९२९ च्या मालिकेतील नोटांवर 'बिशप फर्स्ट नॅशनल बँक' असे नाव आढळते, पण क्रमांक तोच आहे, ५५५०. म्हणून नोट हाती आली की अनुभवी संग्राहक आधी क्रमांक शोधतो. चित्र आणि नाव तो नंतर पाहतो.

नोट उलटून पाहू

क्रमांकाने बँक कळली. आता काळ कसा ओळखायचा? त्यासाठी नोट उलटायची.

१८६३ आणि १८७५ या पहिल्या दोन मालिकांच्या मागे मध्यभागी काळ्या शाईत ऐतिहासिक चित्र आणि भोवती हिरवी किनार असते. पाच डॉलरच्या नोटेवर कोलंबस किनाऱ्यावर उतरतो आहे, वीसच्या नोटेवर पोकाहॉन्टसचा बाप्तिस्मा आहे आणि शंभरच्या नोटेवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या होत आहेत. १८८२ च्या मालिकेचे मागच्या बाजूवरून तीन प्रकार होतात. पहिल्या प्रकारात तपकिरी किनारीच्या मध्ये सनद क्रमांकच मोठ्या निळसर-हिरव्या आकड्यांत छापलेला असतो. दुसरा प्रकार १९०८ नंतरचा. त्यात मध्यभागी '१८८२–१९०८' ही साले असतात. १९०७ साली बँकांवर मोठे अरिष्ट आले होते. त्यानंतर १९०८ मध्ये एक तात्पुरता कायदा झाला आणि सरकारी रोख्यांशिवाय इतर रोखेही तारण ठेवायला परवानगी मिळाली. ही साले त्या कायद्याची खूण आहेत. १९१५ मध्ये कायद्याची मुदत संपली. त्यानंतर, १९१६ च्या सुमारास, तिसरा प्रकार आला. यात सालांच्या जागी नोटेची किंमत अक्षरांत छापलेली असते.

१९०२ च्या मालिकेतही अशाच पायऱ्या आहेत. आधी दर्शनी बाजूला लाल मोहोर, मग निळी मोहोर आणि मागे साले, मग निळी मोहोर आणि मागे साले नाहीत. १९२९ मध्ये अमेरिकेच्या सगळ्याच नोटा आकाराने लहान झाल्या, तेव्हा या नोटाही आजच्या डॉलरएवढ्या झाल्या आणि त्यांवर तपकिरी मोहोर आली.

इथे सहज वाटेल की १९०२ ची मालिका निघाल्यावर १८८२ ची बंद झाली असेल. तसे झाले नाही, आणि आपल्या कोड्याचे उत्तर नेमके इथेच आहे. बँकेची सनद २० वर्षांची असे. सनद मिळताना (किंवा तिची मुदत वाढवून मिळताना) जी मालिका चालू असेल, तिच्याच नोटा त्या बँकेला पुढची २० वर्षे मिळत. १९०२ च्या एप्रिलआधी सनद मिळालेल्या बँका त्यामुळे १९०२ नंतरही कित्येक वर्षे १८८२ च्याच नोटा काढत राहिल्या.

आता होनोलुलूची नोट पुन्हा घेऊ. क्रमांक ५५५०, सनद १९०० सालची. म्हणजे १९२० पर्यंत या बँकेला १८८२ च्याच मालिकेच्या नोटा मिळणार. आपली नोट उलटली आणि मागे किंमत अक्षरांत दिसली, तर ती १९१६ च्या सुमारास किंवा त्यानंतरची. दोन्ही बाजूंनी बांध पडला. नोट १९१६ ते १९२० या चार-पाच वर्षांत छापलेली आहे. मालिकेच्या सालापेक्षा ती चौतीस ते अडतीस वर्षांनी लहान आहे!

गंमत इथेच संपत नाही. नोटेवर दर्शनी बाजूला एक पूर्ण तारीखही कोरलेली असते. ती बँकेच्या सनदेच्या आसपासची, म्हणजे आपल्या नोटेवर १९०० सालची. तिच्यासोबत ट्रेझरीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या छापलेल्या असतात. छपाईच्या दिवशी त्या पदांवर कोण आहे, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. कोरलेल्या तारखेला जे पदावर होते, त्यांच्या त्या सह्या. १९०० साली ट्रेझरीचे रजिस्ट्रार होते जडसन लायन्स. त्यांनी १९०६ मध्ये पद सोडले, तरी १९१६ नंतर छापलेल्या आपल्या नोटेवर त्यांचीच सही येणार. मालिकेचे साल एक, तारखेचे दुसरे आणि छपाईचे तिसरे. भारतीय नोटांवर २००५ पासून मागच्या बाजूला छपाईचे वर्ष देतात. त्या सवयीने अमेरिकी नोट वाचली तर फसगत ठरलेली.

सह्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. लायन्स हे कृष्णवर्णीय होते. त्यांच्याआधी हे पद सांभाळलेले ब्लांश ब्रूस १८४१ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले होते. ते पुढे मिसिसिपी राज्यातून सिनेटवर निवडून गेले आणि १८८१ मध्ये ट्रेझरीचे रजिस्ट्रार झाले. अमेरिकेच्या नोटांवर सही असलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या दक्षिणी गावांत कृष्णवर्णीयांना मतदानाच्या केंद्रापर्यंत पोहोचू दिले जात नव्हते, तिथल्या बँकांच्या नोटांवरही ही सही छापलेली असे. इतिहासाच्या शिक्षकांनी ही नोंद जरूर करून ठेवावी.

चार नोटांचा ताव

मोठ्या आकाराच्या नोटा बहुतेक वेळा चार-चारच्या तावांत छापल्या जात. ताव बँकेकडे जाई, तिथे अधिकारी सह्या करत आणि मग नोटा कापून वेगळ्या केल्या जात. काही नोटांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात त्या यामुळे. तावावरच्या चारही नोटांना बँकेचा अनुक्रमांक एकच असे. फरक फक्त ए, बी, सी, डी या अक्षरांचा. म्हणून 'क्रमांक १ ची नोट' एकच असते, असे मानायचे कारण नाही.

एका तावावर चारही नोटा सारख्या किमतीच्या असतीलच, असेही नव्हते. १-१-१-२ असा एक ताव असे, १०-१०-१०-२० असा दुसरा. इथे एक छान गणित तयार होते. समजा, एका बँकेला १०-१०-१०-२० चे एकूण १,२५० ताव मिळाले. मग दहाच्या नोटा ३,७५०, वीसच्या १,२५० आणि एकूण किंमत ६२,५०० डॉलर. वीसची नोट दहाच्या नोटेच्या एक-तृतीयांशच छापली गेली, हे कोणत्याही दुर्मिळतेच्या यादीशिवाय कळले. दोन डॉलरच्या नोटा दुर्मिळ असण्याचे एक कारण हेच. त्यात एक आणि दोन डॉलरच्या नॅशनल बँक नोटा १८७९ नंतर निघाल्याच नाहीत. पहिल्या मालिकांतील दोनच्या नोटेवर मोठा २ चा आकडा आडवा झोपवलेला आहे, म्हणून संग्राहक तिला लाडाने 'आळशी दुक्की' म्हणतात.

हा हिशेब करता येतो, कारण सरकारी दप्तर टिकले आहे. चलनाचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरच्या कचेरीत प्रत्येक बँकेला कोणत्या प्रकारचे किती ताव दिले, याची खातेवही असे. त्या वह्या आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. छपाईच्या प्लेटांचे नमुना-ठसे स्मिथसोनियन संस्थेत आहेत. त्यामुळे एखाद्या छोट्या गावच्या बँकेने किती नोटा काढल्या, हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते. त्यांतल्या किती उरल्या, हे मात्र वहीत नाही. ते संग्राहकांनी एकेका नोटेची नोंद करत जमवले आहे. वापरून जीर्ण झालेल्या नोटा परत बोलावून नष्ट केल्या जात. त्यामुळे छापलेल्या नोटांपैकी फारच थोड्या वाचल्या. काही बँका अशा आहेत की त्यांनी हजारो नोटा काढल्याची नोंद आहे आणि त्यांतली एकही आज ठाऊक नाही.

फसगतीच्या जागा

सगळ्यात जास्त गोंधळ १९२९ च्या लहान नोटांत होतो. त्यांचे दोन प्रकार आहेत. १९३३ पर्यंतच्या पहिल्या प्रकारात सनद क्रमांक काळ्या शाईत दोनदा असतो. नंतरच्या दुसऱ्या प्रकारात तो आणखी दोनदा तपकिरी शाईतही असतो. इथवर सोपे आहे. पण मार्च १९३३ च्या संकटात सरकारला घाईने नोटा हव्या होत्या, तेव्हा याच आराखड्यावर फेडरल रिझर्व्ह बँकांची नावे छापून नोटा काढल्या. त्यांवरही 'नॅशनल करन्सी' हेच शब्द आहेत आणि मोहोरही तपकिरीच आहे. ओळखायची खूण एकच. त्यांवर सनद क्रमांक नसतो, त्याजागी एक अक्षर असते, जसे शिकागोसाठी 'जी'. ही नोट कोणत्याही गावच्या बँकेची नव्हे.

दुसरी फसगत मुद्दाम केलेली असते. सामान्य गावाची नोट थोडक्या पैशांत मिळते. दुर्मिळ गावाची तितकीच जुनी नोट कित्येक पटींनी महाग असते. मग गावाचे नाव किंवा क्रमांक खरवडून बदलण्याचा मोह होतो. अशा वेळी भिंग आणि तर्क दोन्ही कामी येतात. अस्सल नोट कोरीव प्लेटवरून छापलेली असते. तिच्या रेषा भिंगाखाली सलग आणि धारदार दिसतात, ठिपक्यांच्या दिसत नाहीत. खरवडलेल्या जागी कागद पातळ झालेला असतो, तो उजेडासमोर धरला की कळतो. १८८२ आणि १९०२ च्या मालिकांत सनद क्रमांक किनारीतही बारीक आकड्यांत पुनःपुन्हा कोरलेला असतो. नोट जळाली किंवा उंदरांनी कुरतडली, तरी उरलेल्या तुकड्यावरून बँक ओळखता यावी, ही त्यामागची योजना. मोठा क्रमांक बदलणारा या छोट्यांना बहुधा विसरतो. आणि शेवटी क्रमांक, नाव, गाव, मालिका व तारीख यांचा मेळ बसतो का, हे यादीशी ताडून पाहायचे. क्रमांक १८९० चा आणि कोरलेली तारीख १८८० ची, असे दिसले की पुढे पाहायची गरजच नाही.

भर घालण्यापेक्षा पुसून टाकल्याने होणारे नुकसान अधिक असते, असे आमचे मत आहे. नोट धुतली, इस्त्री केली, फाटल्या जागी चिकटपट्टी लावली की ती दिसायला बरी होते. पण गावच्या कॅशियरने टाकाने केलेली किंवा रबरी शिक्क्याने उमटवलेली सही आधीच फिकट झालेली असते, ती धुण्याने कायमची जाते. त्या बँकेच्या माणसाचा हात लागल्याची नोटेवरची खूण म्हणजे ही सहीच. सह्या पुसट झाल्या असतील तर उजेड तिरपा पाडून पाहावे. साध्या डोळ्यांना कोरी वाटणारी जागा कधी कधी वाचता येते. नोट ठेवायची ती पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. बाजारात मिळणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांतून काही वर्षांनी तेलकट द्रव्य पाझरते आणि कागदाला डाग पडतात. आपल्याकडच्या जुन्या नोटांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते.

नोटांचा हा प्रकार १९३५ मध्ये संपला. ज्या कर्जरोख्यांच्या तारणावर त्या निघत होत्या, ते रोखेच सरकारने त्या वर्षी परत घेतले. तारण गेले, तशा नव्या नोटाही थांबल्या. बाजारात असलेल्या जुन्या नोटा मात्र कधीच रद्द झाल्या नाहीत. होनोलुलूची ती नोट आजही अमेरिकेत कायद्याने दहा डॉलरचीच आहे. अर्थात, त्या भावाने ती कोणी देणार नाही.